पासबुकातून मोबाइलकडे: ऑनलाइन बँकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या काउंटरमागे ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बुधवारी मोबाइल बँकिंगचा वर्ग घ्यायला लागलो. वर्गात विचारायला संकोच वाटतो म्हणून लोक रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी अगदी सुरुवातीचे, मग अडचणीचे. एखादं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सगळं वाचायची गरज नाही. मात्र पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी प्रश्न १२ वाचा.

१. नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय हे एकच का?

खातं एकच, त्यात शिरायची दारं तीन. बँकेच्या वेबसाइटवर यूजर आयडी आणि पासवर्ड टाकून जे करता ते नेट बँकिंग. बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून करता ते मोबाइल बँकिंग. मुदत ठेव, स्टेटमेंट, चेकबुकची मागणी, कार्ड बंद-चालू करणं ही कामं या दोन दारांनी होतात. यूपीआय ही २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सुरू केलेली पैसे पाठवण्याची व्यवस्था आहे. भीम, गुगल पे, फोनपे ही तिच्यावर चालणारी ॲप्स. पैसे या ॲप्समध्ये राहत नाहीत, थेट बँक खात्यातून बँक खात्यात जातात. म्हणून ‘माझ्या गुगल पेत किती पैसे आहेत?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. पैसे बँकेतच असतात.

२. सुरू करायला काय काय लागतं? शाखेत जावंच लागेल का?

सगळ्यात महत्त्वाचा तुमचा मोबाइल नंबर. तो खात्याला जोडलेला हवा, तुमच्याच नावावर हवा आणि त्याचं सिम तुमच्याच फोनमध्ये हवं. वर्गात निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. खातं उघडताना मुलाचा नंबर दिलेला असतो, मुलगा पुण्यात, आई-वडील गावी. मग ओटीपी पुण्यात जातो आणि गावी नुसती फोनाफोनी. असं असेल तर आधार आणि पासबुक घेऊन शाखेत जा, अर्ज भरा, नंबर बदलून घ्या.

नंबर जुळला की यूपीआय घरबसल्या सुरू होतं. पिन तयार करण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्यावरची मुदत लागते. कार्ड नसेल तर अनेक बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवरही पिन बनवता येतो. नव्या फोनवर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. तो बिघाड नव्हे, तुमच्या सुरक्षेसाठी ठेवलेला अडसर आहे. नंतर रोजची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये. काही बँका ती याहून कमी ठेवतात.

३. बँकेचं खरं ॲप आणि खरी वेबसाइट ओळखायची कशी?

ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घ्या, आणि तेही नीट पाहून. खाली ‘डेव्हलपर’ म्हणून बँकेचंच नाव आहे ना, हे बघा. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून बँकेचं ॲप कधीही घेऊ नका.

वेबसाइटचं काम आता बरंच सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यायला सांगितलं. ही शेपटी बँकांखेरीज कोणालाच मिळत नाही. पत्त्याच्या पट्टीत (सुरुवातीचं ‘https://’ सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी ‘डॉट बँक डॉट इन’ असेल तर ती बँक. बँकेचं नाव पत्त्यात कुठेतरी आहे, पण शेवट भलताच आहे, तर तिथे काही टाकू नका. आणखी एक सवय मोडा. गुगलवर बँकेचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. शोधात वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. खरा नंबर डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो.

४. माझं खातं सहकारी बँकेत आहे, थोडे पैसे पतसंस्थेतही आहेत. तिथे हे चालतं का?

महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच! सहकारी बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नावांच्या पाट्यांवरून फरक कळत नाही.

नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. तिथे ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो (२०२० पर्यंत तो १ लाखच होता). ऑनलाइन सोय मात्र प्रत्येक सहकारी बँकेत सारखी नसते. कुठे सगळं चालतं, कुठे फक्त शिल्लक दिसते, पैसे पाठवता येत नाहीत. शाखेत जाऊन विचारा. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. ती बँक नाही आणि तिथल्या ठेवीला तो विमाही नाही. तिचं एखादं ॲप असलं तरी यूपीआयसाठी जोडायचं खातं बँकेचंच निवडा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हा विमा बँक बुडाली तर कामाला येतो, तुमची फसवणूक झाली तर नाही. आणि बँकेवरच हल्ला झाला तर? २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ते नुकसान बँकेचं होतं, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नव्हता. तुमच्या खात्यातले पैसे जाण्याची वाट बहुतेक वेळा तुमच्याच फोनवरून जाते.

५. एमपिन, यूपीआय पिन, एटीएम पिन, पासवर्ड, ओटीपी… डोकं फिरतं. कुठे काय टाकायचं?

एटीएम पिन मशीनवर आणि दुकानात कार्ड वापरताना. एमपिन बँकेचं ॲप उघडायला. यूपीआय पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना. पासवर्ड वेबसाइटवर. ओटीपी एका व्यवहारापुरता, काही मिनिटांत बाद होतो.

हे सगळे वेगळे ठेवा. जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ नको. लक्षात राहत नसेल तर घरच्या वहीत लिहिलंत तरी मी रागावणार नाही. ही वही कपाटात राहावी, पाकिटात कार्डाशेजारी नव्हे. काउंटरवर असताना कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेली कार्डं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ओटीपीचा मेसेज नेहमी पूर्ण वाचा. त्यात रक्कम आणि कारण लिहिलेलं असतं. लोक घाईत फक्त सहा आकडे बघतात.

६. पेन्शन येते तेच खातं यूपीआयला जोडू का?

माझं स्पष्ट मत: नको. यावर वर्गात वाद होतात, पण मी ठाम आहे. पेन्शन, ठेवी, साठवण असलेलं खातं वेगळं ठेवा. वाणी, रिक्षा, औषधं, लाइट बिल यांसाठी दुसरं एक साधं बचत खातं उघडा. त्यात महिन्याच्या सुरुवातीला आठ-दहा हजार टाका आणि यूपीआयला तेवढंच खातं जोडा. पूर्वी घरात तिजोरी वेगळी असायची आणि खर्चाचा डबा वेगळा, तसंच. दोन्ही खात्यांत किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारून घ्या.

डेबिट कार्डालाही हाच न्याय लावा. नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानात चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार, नुसतं टेकवून पैसे देणं हे तुम्ही सुरू केल्याशिवाय सुरू होत नाही. जे लागत नाही ते बंदच राहू द्या.

७. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस यांपैकी काय निवडू?

छोटी रक्कम असेल तर यूपीआय. लगेच पोचायला हवी आणि ५ लाखांपर्यंत असेल तर आयएमपीएस. २ लाख आणि त्याहून जास्त असेल तर आरटीजीएस. घाई नसेल तर एनईएफटी, ते दर अर्ध्या तासाच्या हप्त्यांनी जातं. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस रात्री-अपरात्री, रविवारीसुद्धा चालतं. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला शुल्क नाही.

खाते क्रमांक भरताना मात्र जीव ओतून भरा. पैसे क्रमांकावर जातात. आता एनईएफटी-आरटीजीएस करताना समोरच्या खात्यावरचं नाव दाखवायची सोय आली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या माणसाला मोठी रक्कम पाठवायची असेल तर आधी १ रुपया पाठवा, त्याला फोन करून विचारा, मग उरलेली पाठवा.

८. जुना सोफा विकायला ऑनलाइन टाकला. गिऱ्हाईक म्हणतं, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ खरं का?

खोटं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. क्यूआर स्कॅन करणारा पैसे देणारा असतो, घेणारा नाही.

ही गिऱ्हाइकं बहुधा स्वतःला लष्करातली म्हणवतात, सोफा न बघता भाव मान्य करतात आणि फार घाईत असतात. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मराठी माणसाला एरवी लगेच संशयास्पद वाटतं, पण आपला जुना सोफा खपतोय या आनंदात डोकं चालत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे ‘पैसे मागण्याची’ यूपीआय विनंती ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे भामट्यांचं एक हत्यार गेलं. क्यूआरचं अजून आहे.

९. ‘केवायसी आजच करा, नाहीतर खातं बंद होईल’ असा फोन आला. बँकेचा असेल तर?

मी वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो: बोलणं सुरू कोणी केलं? तुम्ही बँकेला फोन लावलात, तुम्ही ॲप उघडलंत, तुम्ही वाण्याचा क्यूआर स्कॅन केलात, तर धोका थोडा. फोन तिकडून आला, लिंक तिकडून आली, घाई तिकडून झाली, तर थांबा. समोरचा खरा आहे की खोटा, हे ओळखत बसू नका. आवाज, तुमचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, सगळं त्याच्याकडे असू शकतं. ‘मी शाखेत येतो’ म्हणा आणि फोन ठेवा. बँकेचा खरा माणूस यावर रागावत नाही.

बँका आणि वित्तसंस्थांनी सेवेसाठी करायच्या फोनांना १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला त्यामुळेही नमस्कार करावा. पण १६०० दिसलं म्हणून पिन सांगायचा असं मुळीच नाही.

‘मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या अधिकाऱ्याला फोन करा’ हा मेसेजही याच कुळातला. असे मेसेज खोटे असल्याचं महावितरणने वारंवार जाहीर केलं आहे. त्या ‘अधिकाऱ्या’ला फोन लावला की तो तुमची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला सांगतो आणि १० रुपये भरायला लावतो. तुम्ही टाकत असलेला पिन त्याला तिकडे दिसत असतो.

१०. नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं. आता?

पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, मग नावापुढे लग्नपत्रिका असो, वाहतुकीचं चलन असो की सरकारी योजनेची यादी. नातेवाइकाने ते मुद्दाम पाठवलं नसेल. त्याचा फोन आधीच ताब्यात गेला असेल आणि तिथून ते आपोआप पुढे गेलं असेल. हे ॲप तुमचे एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी तुम्ही न सांगताच तिकडे पोचतो.

नुसती फाइल आली असेल, दाबली नसेल, तर काढून टाका. इन्स्टॉल झालं असेल तर लगेच वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, विमान मोड लावा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. नंतर फोन पूर्ण रिसेट करून घ्या. नुसतं ॲप काढून भागत नाही, काही ॲप्स आपलं चिन्हच लपवतात. पैसे गेलेले दिसले तर प्रश्न १२.

११. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला माणूस म्हणतो, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात.’ असं कायद्यात आहे का?

नाही. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. पोलिस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे कुठल्या खात्यात भरायला लावत नाही. पंतप्रधानांनीसुद्धा ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर सावध केलं होतं.

सुरुवात बहुधा ‘तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले’ किंवा ‘तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचं खातं निघालं’ अशी होते. मग मागे पोलिस ठाण्याचा देखावा, खोटी नोटीस, आणि ‘घरात कोणालाही सांगायचं नाही’ ही ताकीद. ही ताकीद हीच खूण. फोन ठेवा आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला सांगा, शेजारी असो वा कामवाल्या ताई. यात शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं फसली आहेत. कोणी फसलं असेल तर त्याला हसू नका, नाहीतर पुढचा माणूस लाजेने गप्प बसेल.

१२. खात्यातून पैसे गेले. आत्ता काय करू?

१९३० वर फोन लावा. हा देशभरचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. लागला नाही तर पुन्हा लावा, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याला बँकेच्या नंबरवर बसवा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार देता येते.

घाई का, ते सांगतो. भामटा तुमचे पैसे एका खात्यात ठेवत नाही. ते मिनिटा-मिनिटाला पुढच्या खात्यांत जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वर तक्रार नोंदली की पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि जिथे पैसे सापडतील तिथे ते रोखले जातात. एकदा रोख निघाली की हाती काही लागणं कठीण.

हाताशी ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयमध्ये तो १२ आकडी असतो). मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेला तोंडी सांगून थांबू नका. तक्रार क्रमांक घ्या आणि लेखी अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. तो शिक्का पुढे कशाला लागतो ते प्रश्न १३ मध्ये. नंतर कोणी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा’ म्हणालं तर तो त्याच टोळीतला समजा.

१३. गेलेले पैसे बँक भरून देते का?

चूक कोणाची आणि तुम्ही किती दिवसांत कळवलं, यावर ते ठरतं (कधी कळवलं याचा पुरावा म्हणजे अर्जावरचा तो शिक्का). रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये याचे नियम घातले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही.

चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काहीही बोजा नाही. चूक ना बँकेची ना तुमची, यंत्रणेत तिसरीकडेच काही झालं, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तरी बोजा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुम्ही सोसायचे, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्यावर ५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा.

पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो. कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पण ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ‘ओटीपी गेला म्हणजे तुम्हीच दिला असणार’ एवढं म्हणून बँकेला मोकळं होता येत नाही. प्रश्न १०मधल्यासारखी एपीके फाइल असेल तर हे आवर्जून लिहा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र लोकपालाकडे जात नाही, ती सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे.

१४. मीच चुकून भलत्याला पैसे पाठवले. परत मिळतील?

यात फसवणूक नाही, म्हणून १९३० नाही. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेत लेखी द्या. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती तिच्या ग्राहकाला विचारते. त्याने होकार दिला तर पैसे परत येतात. बँक परस्पर त्याच्या खात्यातून काढून देऊ शकत नाही. नकार दिला तर उरतो तो कायद्याचा रस्ता.

मी स्वतः एकदा इस्त्रीवाल्याऐवजी त्याच नावाच्या दुसऱ्याच कोणाला ४०० रुपये पाठवले. त्या भल्या माणसाने तासाभरात परत पाठवले. सगळेच असे निघत नाहीत.

१५. माझ्या खात्यातून वजा झाले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत. पुन्हा देऊ का?

‘प्रलंबित’ दिसत असेल तर थोडं थांबा, नाहीतर दोनदा जातील. घाई असेल तर रोख द्या. व्यक्तीला पाठवलेले यूपीआय किंवा आयएमपीएस अडकलं तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवं. दुकानदाराला यूपीआयने दिलेले अडकले किंवा एटीएममधून नोटा न येता पैसे वजा झाले, तर ५ दिवसांत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची आहे. न मागता ती क्वचितच मिळते. मागा.

१६. अनोळखी माणसाने ५,००० रुपये पाठवले आणि ‘चुकून आले, या नंबरवर परत करा’ म्हणतो. करू ना?

आपल्याला वाटतं, दुसऱ्याचा पैसा नको, लगेच देऊन टाकावा. भावना चांगली आहे, पण थांबा. आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. कित्येकदा पैसे आलेलेच नसतात, फक्त बँकेसारखा दिसणारा मेसेज आलेला असतो.

खरंच आले असतील तर दुसऱ्या नंबरवर किंवा दुसऱ्या खात्यावर पाठवू नका. हा कोणाच्या तरी फसवणुकीचा पैसा असू शकतो आणि पुढे पाठवणाऱ्यांच्या साखळीत तुमचं नाव लागेल. बँकेला लेखी कळवा, ‘जिथून आले तिथे परत पाठवा’ म्हणा. असा पैसा आल्यामुळे पोलिसांच्या सूचनेवरून खातं गोठवलं गेल्याची उदाहरणं भाजीवाल्यांपासून छोट्या दुकानदारांपर्यंत आहेत. तसं झालं तर कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलिस ठाण्याची सूचना आहे, तक्रार क्रमांक काय आणि नेमकी किती रक्कम वादात आहे, हे बँकेकडून लेखी घ्या. तुमच्या मालाचं बिल त्या ठाण्याला पाठवा.

याच ओघात कॉलेजच्या मुलांच्या पालकांसाठी: ‘तुझं खातं महिनाभर वापरू दे, कमिशन देतो’ या आमिषाला पडलेला मुलगा भामट्यांचा हस्तक ठरतो आणि पोलिस आधी त्याच्याच दारात येतात.

१७. फोन हरवला. किंवा फोन हातात आहे, पण नेटवर्क अचानक गेलं.

हरवला तर क्रमाने: सिम बंद, बँकेकडून यूपीआय व मोबाइल बँकिंग बंद, मग पोलिसांत नोंद. सरकारच्या ‘संचार साथी’वरून हँडसेटही ब्लॉक करता येतो.

नेटवर्क अचानक गेलं, शेजाऱ्याचं मात्र चालू आहे आणि दोन-तीन तास झाले, तर वाट बघू नका. कोणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं असू शकतं. मोबाइल कंपनीला विचारा आणि बँकेला थांबवायला सांगा. आपल्या नावावर किती सिम आहेत हेही ‘संचार साथी’वर दिसतं. वर्षातून एकदा बघून ठेवा.

१८. आईला हे जमत नाही. तिचा पिन मला माहीत आहे, मीच करतो. चालेल?

चालतं, पण नियमात बसत नाही. उद्या काही घडलं तर पिन दुसऱ्याला दिला, असंच बँक म्हणेल आणि प्रश्न १३मधलं संरक्षण ढिलं पडेल. सरळ मार्ग असा की खातं ‘कोणीही एक किंवा हयात’ या पद्धतीने जोडीचं करा. मग तुम्ही तुमच्या नंबरवरून, तुमच्या पिनने व्यवहार करू शकता. दोघांच्या सह्या लागणाऱ्या खात्याला यूपीआय जोडता येत नाही.

आईला बाजारात पैसे देता यावेत एवढंच हवं असेल तर ‘यूपीआय सर्कल’ बघा. खातं तुमचं, फोन तिचा. पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत ती स्वतः खर्च करू शकते. सगळ्या ॲप्समध्ये आणि बँकांमध्ये ते अजून नाही.

१९. माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे.

तरीही जमतं. ‘*९९#’ लावून आकडे दाबत शिल्लक बघता येते आणि पैसे पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ‘यूपीआय १२३पे’मध्ये बोलणाऱ्या यंत्राला फोन करून व्यवहार होतो. शिकताना पहिल्या दोन-तीन वेळा कोणीतरी शेजारी बसवा. आणि एक सांगू? एपीके फाइलची भीती या फोनला नाही.

२०. मी दुबईत आहे. गावचं खातं ऑनलाइन चालू ठेवू ना?

अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) बदलून घ्यावं लागतं. कित्येकजण वर्षानुवर्षं करत नाहीत आणि घर विकायची वेळ आली की अडकतात. एनआरओ किंवा एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खातं असेल तर संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, ओमान, सिंगापूर, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग इथल्या स्थानिक नंबरवरही यूपीआय चालतं, मात्र तुमच्या बँकेने आणि ॲपने सोय दिलेली हवी. भारतातलं सिम ठेवणार असाल तर त्याचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो.

२१. बाबा मागच्या आठवड्यात गेले. त्यांचा फोन आणि पिन आमच्याकडे आहे. दवाखान्याचं बिल त्यांच्या खात्यातून भरू का?

हा प्रश्न लोक फार चाचरत विचारतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भरू नका. माणूस गेला की त्याच्या नावाने व्यवहार करायचा अधिकारही संपतो, पिन कोणाकडेही असो. तुमचा हेतू स्वच्छ असतो, पण नंतर भावंडांत वाद झाला तर तोच व्यवहार पुढे काढला जातो.

खातं ‘कोणीही एक किंवा हयात’ असेल तर हयात खातेदार ते चालवू शकतो, शाखेत मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करून घ्या. एकट्याचं खातं असेल आणि नामनिर्देशन (नॉमिनी लावलेला) असेल तर दाखला, नामनिर्देशित व्यक्तीची ओळखपत्रं आणि बँकेचा अर्ज एवढ्यावर काम होतं. कागद पूर्ण असतील तर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२५ चा नियम आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे ताब्यात घेते, मालकी वारसांचीच असते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला नॉमिनी म्हणून चार जणांपर्यंत नावं लावता येतात. तुमच्या स्वतःच्या खात्यावर कोणाचं नाव आहे, ते ॲपमध्ये ‘नॉमिनी’ या ठिकाणी आत्ता उघडून बघा. माझ्या वर्गात बघायला सांगितलं तेव्हा तिघांच्या खात्यावर कधीच वारलेल्या आईचं नाव निघालं.